हौसेनं पीएचडी केली तर बिघडलं कुठं?

संपादक साहेब, स.न.वि.वि.

बँकेतून रिटायर झाल्यावर मी इतिहासात एमए केलं आणि आता पीएचडीला बसायचं म्हणतोय, तर साताऱ्यात राजवाड्यावर संध्याकाळी जमणाऱ्या आमच्या मंडळींचं एकच, आता याचा काय उपयोग? अहो कुणी बारशाला डीजे लावला तर त्याला कोण विचारत नाही उपयोग काय म्हणून. मला जुन्या कागदांवरची मोडी लिपी वाचायला आवडते, बास! इथंच वाईत मिळालेल्या जुन्या कागदांवरून इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला, त्यांना काय इन्क्रिमेंट मिळणार होती?

यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२ च्या नियमात पार्ट टाइम पीएचडी चालते, मुदत सहा वर्षं, बायकांना वर दोन वर्षं सवलत, फक्त डिस्टन्सनं चालत नाही. म्हणजे नियमाची आडकाठी नाहीच, आडकाठी लोकांच्या तोंडाची.

एक आक्षेप मात्र मला पटतो. प्रोफेसरकडं एका वेळी आठ, असोसिएटकडं सहा आणि असिस्टंटकडं चारच विद्यार्थी घेता येतात, मग माझ्यासारख्या पेन्शनवाल्यानं जागा अडवली तर नोकरीसाठी धडपडणाऱ्या एखाद्या पोराचं काय (आमच्या पुतण्यानं हे तोंडावर ऐकवलं). म्हणून सुचवतो की हौशी लोकांसाठी या कोट्याबाहेर वेगळ्या जागा ठेवा, फी पूर्ण घ्या, फेलोशिप देऊ नका, पण मुलाखतीत नोकरीबद्दल तेवढं विचारू नका.

आपला,
एक वाचक, सातारा