आरोग्यमंत्र्यांस खुले पत्र : पाचपैकी पाच

मा. आरोग्यमंत्री, मध्य प्रदेश शासन, यांस

सविनय नमस्कार.

माझी आई चैत्रात गेली. शेवटचे अकरा दिवस ती इंदूरच्या एका सरकारी रुग्णालयात होती. माझ्या तक्रारीवर आपल्या खात्याने, वॉर्डातील नर्सिंग असिस्टंटना उपशामक सेवेचे, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या रुग्णाच्या वेदना हलक्या करणाऱ्या शुश्रूषेचे, प्रशिक्षण देऊ, असे लेखी कळवले होते. गेल्या आठवड्यात उत्तर आले : प्रशिक्षण पूर्ण झाले असून सर्व सहायिकांनी आत्मविश्वास व्यक्त केला आहे. अभिनंदन! हिंदीत तीन अर्ज करून झाले. हे चौथे मराठीत, निदान रामबागेत, इथल्या मराठी वस्तीत, तरी कोणी वाचेल.

हा आत्मविश्वास कसा मोजला, ते आईला सांभाळणाऱ्या बाईंनीच मला सांगितले. दोन तासांचे भाषण, मग छापील कागद : मरणासन्न रुग्णाच्या नातेवाइकांशी बोलण्याची खात्री वाटते का, एक ते पाच. इन्चार्ज सिस्टर शेजारीच उभ्या. सगळ्यांनी पाचावर खूण केली, या बाईंनीही.

याच बाई आईची कूस बदलताना तिला दंडाला धरून ओढत, कारण दोघींनी मिळून चादरीसकट उचलावे, हे त्यांना कोणी दाखवलेच नव्हते. माकडहाडावरची जखम आधी रुपयाएवढी होती, मग तळहाताएवढी झाली. कोरडे ओठ ओल्या कापसाने टिपायला मी त्यांना शिकवले, आणि मला शेजारच्या खाटेवरच्या आजींच्या मुलीने. एका रात्री आई कण्हत असताना त्या सहायिका बाई म्हणाल्या, "दीदी, मुझे डर लगता है." त्या इमारतीत मला मिळालेले खरे उत्तर हे एवढेच, आणि आपल्या तक्त्यात त्याला रकाना नाही. प्रशिक्षणाआधी आणि नंतर महिन्याभराने, नाव न घेता विचारले असते, शिवाय खाटेशी उभे राहून त्यांचे हात पाहिले असते, तर त्या पाचाला काही अर्थ होता.

हे शहर 2017 पासून स्वच्छतेत वर्षानुवर्षे पहिले आले, ते कचरागाडीवाल्याला आत्मविश्वास विचारून नव्हे. आपल्याच राज्यात मंदसौर-नीमचला अफू पिकते, नीमचच्या सरकारी कारखान्यात तिच्यापासून अल्कलॉइड, म्हणजे मॉर्फिनसारखी वेदनाशामक द्रव्ये, काढतात, हे मॉर्फिन रुग्णांना सुलभ व्हावे म्हणून 2014 साली कायदाही बदलला. आईच्या वेळी मात्र गोळी "स्टॉकमध्ये नाही". जागतिक आरोग्य संघटना म्हणते, जगभरातील गरजूंपैकी जेमतेम 14 टक्क्यांना उपशामक सेवा मिळते. आपल्या कागदावर बहुधा शंभर टक्के असतील. शाळा असो, रेशन असो, या राज्यात कामाआधी कामाचा अहवाल तयार असतो.

त्या कागदाची एक कोरी प्रत मला पाठवावी. अकरा दिवसांचे गुण मी भरून देते.

आपली,
एक मुलगी, रामबाग, इंदूर