कोबोलचा कोड जपता, मग कंपाइलरच्या सेटिंग्ज का नाही?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कोबोल या प्रोग्रामिंगच्या भाषेविषयी वृत्तपत्रांत अधूनमधून लिहून येतं. भाषा १९५९-६० सालची, जाणकार निवृत्त होत चालले, नवे मिळत नाहीत, आता एआय सगळा कोड जावात बदलून देईल, असा त्या लेखांचा सूर असतो. त्यावर आमचा वाद नाही. पण या चर्चेत एक गोष्ट येतच नाही. कोबोलचा प्रोग्राम काय उत्तर देईल हे नुसत्या सोर्स कोडवर ठरत नाही, तो कोणत्या कंपाइलर ऑप्शन्सनी कंपाइल केला, म्हणजे कोणत्या सेटिंग्जनी यंत्राच्या भाषेत उतरवला, यावरही ठरतं. पुण्या-मुंबईत परदेशी बँका आणि विमा कंपन्यांच्या मेनफ्रेमची (मोठ्या मध्यवर्ती संगणकांची) देखभाल करणारी कितीतरी मुलं-मुली आहेत. त्यांच्या हाती कोड येतो, सेटिंग्ज मात्र ‘वरून ठरलेल्या’ असतात. त्या कुणी, कधी, का ठरवल्या हे विचारायची पद्धत नाही. ती पडावी म्हणून हे पत्र.

आयबीएमच्या एंटरप्राइझ कोबोलमधला ‘ट्रंक’ हा ऑप्शन घ्या. ‘पिक एस९(४) कॉम्प’ असा एक काउंटर आहे, म्हणजे चार अंकांचं, चिन्ह असलेलं बायनरी फील्ड. मेमरीत तो दोन बाइटचा, म्हणजे त्यात खरं तर ३२,७६७ पर्यंतचा आकडा मावतो. पिक्चर (फील्डचं जाहीर केलेलं अंकांचं माप) मात्र चारच अंकांचं आहे. या काउंटरमध्ये १२,३४५ मूव्ह केले तर काय राहील? ट्रंक(एसटीडी) असेल तर पिक्चरप्रमाणे वरचा अंक कापला जाऊन २,३४५ राहतात. ट्रंक(बिन) असेल तर पूर्ण १२,३४५ राहतात. ट्रंक(ऑप्ट) असेल तर कंपाइलर गृहीत धरतो की चार अंकांहून मोठा आकडा इथे कधी येणारच नाही, आणि त्याला जे जलद पडेल ते करतो. कापेल किंवा कापणार नाही. तीच ओळ, तोच डेटा, उत्तरं वेगळी. काउंटर ९,९९९ वर असताना एक मिळवा आणि ‘ऑन साइझ एरर’ (आकडा मावला नाही तर काय करायचं ते) लिहिलेलं नसू द्या: एसटीडीत तो गुपचूप शून्यावर येतो. दिवसाला आठ हजार व्यवहार होते तोवर कुणालाच काही कळत नाही. व्यवहार दहा हजारांच्या वर गेले की त्या दिवशीचा ताळा चुकतो आणि सगळे कोड वाचत बसतात. कोडमध्ये काही सापडत नाही, कारण कोड बदललेलाच नसतो.

डीबी२ हा डेटाबेस जोडलेला असेल तर हा मुद्दा आणखी गंभीर होतो. टेबलातला इंटिजर कॉलम कोबोलमध्ये ‘एस९(९) कॉम्प’ म्हणून घेतला जातो. कॉलममध्ये २,१४,७४,८३,६४७ पर्यंतचा आकडा येऊ शकतो, म्हणजे दहा अंकी. पिक्चर नऊ अंकांचं. एसटीडीखाली ही किंमत दुसऱ्या तशाच फील्डमध्ये मूव्ह केली की पहिला अंक गळू शकतो. यावर सरसकट ट्रंक(बिन) लावणं हा उपाय आहे, पण त्याने बायनरी हिशेबांचा वेग कमी होऊ शकतो. जी फील्ड्स डीबी२, सिक्स (व्यवहार हाताळणारी यंत्रणा) किंवा सी भाषेतल्या रूटीनकडून भरली जातात तेवढीच ‘कॉम्प-५’ करणं जास्त बरं. कॉम्प-५ वर ट्रंकचं काही चालत नाही, ते नेहमी पूर्ण बायनरी म्हणूनच वागतं. सोबत ‘डायगट्रंक’ लावून एकदा कंपाइल करा. लहान फील्डमध्ये मोठं फील्ड मूव्ह होतं अशा जागांवर कंपाइलर इशारा देतो. तो इशारा रिटर्न कोड ४ चा असतो, आणि ‘चारपर्यंत चालतं’ असं जेसीएलमध्येच (जॉब चालवण्याच्या सूचनांत) लिहून ठेवलेलं असल्यामुळे तो वाचलाच जात नाही. हे थांबलं पाहिजे.

या सेटिंग्ज येतात कुठून, हेही नीट माहीत असायला हवं. इन्स्टॉलेशनच्या वेळी सिस्टम प्रोग्रामर काही डिफॉल्ट ठरवतो. त्यावर जेसीएलमधल्या पार्मचे (कंपाइलरला सूचना देण्याच्या जागेतले) ऑप्शन्स चढतात. त्यांच्यावर सोर्सच्या अगदी वर, आयडेंटिफिकेशन डिव्हिजनच्या आधी लिहिलेली ‘सीबीएल’ किंवा ‘प्रोसेस’ ओळ चढते. पण इन्स्टॉलेशनच्या वेळी एखादा ऑप्शन ‘फिक्स्ड’ म्हणून बांधला असेल तर त्यापुढे कुणाचंच चालत नाही. त्यामुळे ‘मी जेसीएलमध्ये एसएसरेंज (टेबलाची हद्द तपासणारा ऑप्शन) टाकलंय’ एवढ्याने काही सिद्ध होत नाही. सोर्समध्ये कुणीतरी पूर्वी ‘सीबीएल नोएसएसरेंज’ लिहून ठेवलेलं असू शकतं. पार्ममध्ये शंभरच अक्षरं मावतात, ही आणखी एक अडचण. यादी लांब झाली तर ‘ऑप्टफाइल’ वापरून ती वेगळ्या डेटासेटमधून वाचायला सांगावी. तो डेटासेट सोर्सबरोबरच आवृत्ती-नियंत्रणात ठेवता येतो, म्हणून आम्हाला हीच पद्धत सर्वांत आवडते. शेवटी कोणते ऑप्शन्स लागू झाले ते लिस्टिंगमध्ये (कंपाइलरच्या अहवालात) ‘ऑप्शन्स इन इफेक्ट’ या मथळ्याखाली छापलेलं असतं. विश्वास फक्त त्या यादीवर ठेवावा. लिस्टिंग हरवली असेल तर लोड मॉड्यूलमधल्या (कंपाइल होऊन तयार झालेल्या प्रोग्राममधल्या) सिग्नेचर बाइट्समध्येही बहुतेक ऑप्शन्सची नोंद असते आणि ती वाचता येते. ‘जुना माणूस गेला, आता काही कळणार नाही’ ही सबब त्यामुळे टिकत नाही.

तपासणीचे ऑप्शन्स हा आमच्या कळकळीचा विषय आहे. ‘ऑकर्स ५०’ असलेल्या, म्हणजे पन्नास खणांच्या, टेबलात सबस्क्रिप्ट (खणाचा क्रमांक) ५१ झाला आणि नोएसएसरेंज असेल, तर प्रोग्राम थांबत नाही. टेबलाच्या शेजारी मेमरीत जे फील्ड असेल त्यावर लिहून मोकळा होतो. ते फील्ड वापरातलं नसेल तर वर्षानुवर्षं काही बिघडत नाही. मग कंपाइलरची आवृत्ती बदलते, मेमरीतली मांडणी बदलते, आणि आता त्या जागी एखादी रक्कम असते. एसएसरेंज लावलं असतं तर पहिल्याच टेस्टला ‘आयजीझेड०००६एस’ हा संदेश टेबलाच्या नावासकट आला असता. फील्डमध्ये खरोखर आकडाच आहे का हे तपासणाऱ्या ‘न्यूमचेक’चंही तसंच. आकड्यांच्या फील्डमध्ये स्पेसेस आल्या की बेरजेला सॉक-सेव्हन (चुकीच्या डेटाची त्रुटी) येऊन जॉब पडतो, हे प्रत्येक मेनफ्रेमवाल्याला ठाऊक आहे. पण नुसती तुलना असेल तर प्रोग्राम न पडता चुकीच्या फांदीत जाऊ शकतो, आणि हे जास्त धोक्याचं. न्यूमचेक झोन्ड, पॅक्ड आणि बायनरी, आकडे साठवण्याच्या या तिन्ही प्रकारांची फील्ड्स वापरण्याआधी तपासतो. संदेश देऊन पुढे जायचं की तिथेच अ‍ॅबेंड करायचं (जॉब पाडायचा) हेही ठरवता येतं.

‘नमप्रॉक’ही याच घरातला. पॅक्ड आकड्याच्या शेवटच्या अर्ध्या बाइटात चिन्ह असतं: सी म्हणजे धन, डी म्हणजे ऋण, एफ म्हणजे बिनचिन्हाचा. नमप्रॉक(पीएफडी) म्हणतो, चिन्हं अशीच काटेकोर असणार, मी दुरुस्त करत बसणार नाही. वेग मिळतो. पण बाहेरून आलेल्या फाइलमध्ये चिन्हवाल्या फील्डला एफ लावलेलं असेल, तर ‘इफ न्यूमेरिक’ ही चाचणी नोपीएफडीत पास होते आणि पीएफडीत नापास. एका प्रोग्रामने स्वीकारलेलं रेकॉर्ड दुसरा नाकारतो तेव्हा आधी दोन्ही लिस्टिंग शेजारी ठेवून हा ऑप्शन बघावा.

हे सगळं आत्ता सांगण्याचं कारण आहे. एंटरप्राइझ कोबोल ४.२ चा आधार आयबीएमने ३० एप्रिल २०२२ रोजी थांबवला. आवृत्ती ५ पासून कंपाइलरचा मागचा भागच नवा आहे, आणि ज्या प्रोग्रामचा डेटा पिक्चरला धरून नाही त्यांची उत्तरं बदलू शकतात. ‘झोनडेटा’ हा ऑप्शन त्यासाठीच आला. योग्य क्रम असा: आधी ऑप्ट(०), म्हणजे वेगासाठीचे बदल कमीत कमी, आणि एसएसरेंज, न्यूमचेक, पार्मचेक, इनिटचेक या तपासण्या लावून कंपाइल करायचं, संपूर्ण रिग्रेशन (जुन्या सगळ्या टेस्ट पुन्हा) चालवायचं, जे सापडेल ते कोडमध्ये किंवा डेटात दुरुस्त करायचं. मग तपासण्या काढून ऑप्ट(२) ने कंपाइल करायचं आणि त्या मॉड्यूलवर पुन्हा टेस्ट घ्यायची. घाईत पहिली पायरी गाळली जाते, कारण तपासण्यांनी सीपीयू जास्त खर्च होतो आणि त्याचं बिल येतं. टेस्ट यंत्रणेवरचा हा खर्च वाचवणं आमच्या मते सर्वस्वी चूक आहे. नव्या कंपाइलरचा आणखी एक परिणाम अनेकांना गोंधळात टाकतो: ‘एसटीजीऑप्ट’ लावलं की न वापरलेली वर्किंग स्टोरेज फील्ड्स उडवली जातात, आणि डंप (मेमरीची नक्कल) वाचताना खूण म्हणून ठेवलेली ‘वर्किंग स्टोरेज सुरू’ छापाची फील्ड्सही त्यात जाऊ शकतात.

‘आर्च’ (कोणत्या पिढीच्या मशीनसाठी कोड तयार करायचा तो ऑप्शन) ठरवताना डीआर साइट (आपत्तीत वापरायचं पर्यायी केंद्र) विसरू नका. आर्च(१२) आयबीएमच्या झेड१४ मशीनसाठी, आर्च(१३) झेड१५ साठी. मुख्य केंद्रात नवं मशीन आलं म्हणून आर्च वाढवला आणि डीआरला अजून झेड१३ असेल, तर आपत्तीच्या दिवशी तिथे न ओळखलेल्या सूचनेमुळे सॉक-वन येण्याची पाळी. आर्च नेहमी सर्वांत जुन्या मशीनवरून ठरवावा. सबप्रोग्राम आधीच जोडायचा की चालवताना, हे ठरवणाऱ्या ‘डायनॅम’चं थोडक्यात: नोडायनॅम असताना नाव अवतरणचिन्हांत लिहून केलेला कॉल लिंक करतानाच आत चिकटतो. सबप्रोग्राम दुरुस्त केला पण त्याला बोलावणारे प्रोग्राम पुन्हा लिंक केले नाहीत, तर जुनीच प्रत चालत राहते.

मेनफ्रेमवरून लिनक्स किंवा विंडोजवर नेताना मायक्रो फोकस या नावाने ओळखला जाणारा कंपाइलर पुष्कळ ठिकाणी वापरतात. तिथे सातव्या कॉलमपासून ‘$सेट’ लिहून डिरेक्टिव्ह (तिथले ऑप्शन्स) देतात. त्यातला ‘आयबीएमकॉम्प’ चुकला तर नुकसान मोठं. ‘एस९(५) कॉम्प’ हे फील्ड आयबीएमकॉम्प असताना चार बाइट घेतं, नोआयबीएमकॉम्प असताना तीन. रेकॉर्डमध्ये अशी पाच फील्ड्स असतील तर रेकॉर्ड पाच बाइटने आखूड होतं आणि पहिल्या फील्डनंतरचं सगळं डावीकडे सरकतं. नावाच्या जागी पिनकोडचा तुकडा दिसू लागला की डेटा कन्व्हर्जनला दोष न देता आधी हा डिरेक्टिव्ह तपासावा. एआयकडून जावात रूपांतर करून घेणाऱ्यांनाही हेच लागू आहे. एस९(४) कॉम्पचा काउंटर ९,९९९ नंतर शून्यावर यायचा की दहा हजारांवर जायचा, हे सोर्समध्ये लिहिलेलंच नाही. रूपांतराच्या करारात सोर्सबरोबर प्रत्येक प्रोग्रामची ऑप्शन्सची यादी द्यावी, नाहीतर रूपांतर करणारा अंदाजाने ठरवेल.

प्रशिक्षण संस्थांना आमची विनंती आहे. जेसीएल, कोबोल, डीबी२, सिक्स हा क्रम तुम्ही शिकवता. त्यात कंपाइलर ऑप्शन्ससाठी निदान दोन दिवस द्या. मेनफ्रेमचं लॉगइन महाग पडत असेल तर ग्नूकोबोल हा कंपाइलर साध्या लॅपटॉपवर फुकट चालतो. दहा खणांच्या टेबलात चल सबस्क्रिप्टने अकराव्या खणात लिहिणारा छोटा प्रोग्राम द्या. आधी ‘कॉबसी -एक्स’ ने नुसता कंपाइल करायला लावा. बहुधा तो काही न बोलता संपेल. मग ‘-डीबग’ जोडून. आता तो सबस्क्रिप्ट हद्दीबाहेर गेल्याचं सांगून थांबेल. ‘बायनरी-ट्रंकेट’ चालू आणि बंद करून वरचा १२,३४५ चा प्रयोगही तिथे करता येतो. फिक्स्ड फॉरमॅटमध्ये ७२ व्या कॉलमपुढे लिहिलेलं कंपाइलर वाचत नाही, हे ओळ मुद्दाम लांबवून दाखवा. एक सूचना आठवणीने द्या: ‘-एसटीडी=आयबीएम’ लावलं तरी अक्षरांचे क्रमांक यंत्राच्या आस्की पद्धतीचेच राहतात. सॉर्टमध्ये आकडे अक्षरांच्या आधी येतील. मेनफ्रेमच्या एबसिडिक पद्धतीत ते अक्षरांनंतर येतात.

आणि ज्या कंपन्या दुसऱ्याकडून देखभालीचं काम हाती घेतात त्यांनी नॉलेज ट्रान्सफरच्या पहिल्या आठवड्यातच प्रत्येक लोड मॉड्यूलची ‘ऑप्शन्स इन इफेक्ट’ यादी लेखी मागावी. टेस्टच्या आणि प्रॉडक्शनच्या यादीत तपासणीच्या ऑप्शन्सखेरीज फरक दिसला तर त्याचं कारण मिळेपर्यंत सही करू नये.

कळावे,
आपले,
मेनफ्रेमवर काम करणारे काही कोबोल प्रोग्रामर, पुणे