गावाकडच्या दुचाकीला कुलूप लावण्यापूर्वी

मा. संपादक महोदय,

स. न. वि. वि.

गौरी-गणपतीचे विसर्जन झाले असून मुंबई-पुण्याकडचे चाकरमानी परतू लागले आहेत. येत्या काही दिवसांत कोकणातील असंख्य घरांना पुन्हा कुलपे लागतील आणि त्या घरांच्या पडवीत उभी असलेली दुचाकी शिमग्यापर्यंत, काही ठिकाणी थेट मे महिन्यापर्यंत, कोणी हलवणार नाही. ही मंडळी गाव सोडण्यापूर्वी एक गोष्ट त्यांच्या कानावर जावी, यासाठी हे पत्र लिहीत आहे.

मी रत्नागिरी जिल्ह्यात दुचाकी दुरुस्तीचा व्यवसाय करतो. सणाच्या आदल्या आठवड्यात गॅरेजपुढे जी रांग लागते, तीत बहुतेकांची तक्रार एकच असते. जाताना गाडी उत्तम चालत होती, आता किक मारून मारून पाय दुखला तरी सुरू होत नाही, आणि झालीच तर चोक (थंड इंजिनाला जादा पेट्रोल देणारी कळ) ओढून ठेवला तेवढा वेळच चालते. रजा मोजकी असते, बाजारहाटापासून भटजींना आणण्यापर्यंतची सगळी कामे त्या एका गाडीवर टाकलेली असतात, आणि त्या गर्दीत गॅरेजवाल्यालाही काम निगुतीने करायला सवड मिळत नाही. वास्तविक यातील बऱ्याच गाड्यांच्या इंजिनात काहीच बिघाड नसतो. पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग, म्हणजे कार्बोरेटर, तुंबलेला असतो, एवढेच. आणि तो तुंबू नये म्हणून जे करायचे ते घर बंद करतानाच करायचे असते.

1 एप्रिल 2020 पासून वाहनांच्या धुरावरील बीएस-6 निकष लागू झाले आणि त्यानंतरच्या बहुतेक दुचाकींमध्ये कार्बोरेटरची जागा फ्युएल इंजेक्शनने घेतली. परंतु गावी ठेवलेली गाडी सहसा नवी नसते. शहरात नवी घेतली की जुनी स्प्लेंडर, पल्सर किंवा वडिलांच्या वेळची बुलेट गावी येते. त्यामुळे कार्बोरेटरचा प्रश्न आमच्याकडे अजून बरीच वर्षे राहणार आहे.

कार्बोरेटरच्या तळाशी एक लहानशी वाटी असते. टाकीतील पेट्रोल कॉकमधून, म्हणजे टाकीखालच्या तोटीतून, तीत उतरते, पातळी वाढली की फ्लोट (तरंगणारा भाग) उचलला जाऊन नीडल, म्हणजे टोकदार सुई, वरचे तोंड बंद करते, आणि वाटीत थोडे पेट्रोल कायम भरलेले राहते. ही वाटी हवाबंद नसते, कारण तिच्यावर बाहेरच्या हवेचा दाब असल्याशिवाय जेटमधून, म्हणजे बारीक छिद्राच्या पितळी तुकड्यातून, पेट्रोल वर ओढले जात नाही. गाडी दीर्घकाळ उभी राहिली की याच वाटेने पेट्रोलमधील हलके घटक उडून जातात, जड घटक मागे राहतात आणि हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन त्यांची चिकट, तपकिरी राळ बनते. कॉक उघडा राहिला असेल तर वाटीतील पातळी उतरताच टाकीतून आणखी पेट्रोल येते, तेही उडते, आणि थरावर थर चढत जातो. या राळेचा पहिला फटका इंजिन संथ चालताना पेट्रोल पुरवणाऱ्या पायलट जेटला, म्हणजे स्लो जेटला बसतो, कारण शंभर-दीडशे सीसीच्या गाडीत त्याचे छिद्र अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही बारीक असते. चोक ओढला की गाडी चालते आणि सोडताच बंद पडते, याचा अर्थ बहुधा हेच छिद्र बुजले आहे. नीडल राळेत अडकून उघडी राहिली तर उलट प्रकार होतो आणि खालच्या नळीतून पेट्रोल वाहू लागते.

आता यात इथेनॉलची भर पडली आहे. पेट्रोलमध्ये 10 टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट 2022 साली गाठले गेले आणि 2025 पर्यंत हे प्रमाण 20 टक्क्यांवर पोहोचले. माझा इथेनॉलला विरोध नाही. ते याच राज्यातील उसापासूनही बनते आणि ऊस उत्पादकाच्या हाती त्यातून पैसा येतो, ही चांगलीच गोष्ट आहे. मात्र इथेनॉल ओलावा शोषून घेते, आणि कोकणच्या पावसाळ्यात ओलाव्याला तोटा नसतो. शोषलेले पाणी एका मर्यादेपलीकडे गेले की इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि जड असल्याने तळाशी जाऊन बसतात. टाकीच्या तळाशी हे मिश्रण पत्र्याला गंज आणते, वाटीच्या तळाशी धातू खाते. पावसाळाभर उभ्या राहिलेल्या गाडीची वाटी उघडली की आत पांढरी, खरखरीत खपली धरलेली दिसते, पितळी जेटवर हिरवट थर असतो आणि उरल्यासुरल्या पेट्रोलला जुन्या वार्निशचा वास येतो. साधारण एप्रिल 2023 पासूनच्या गाड्यांचे रबरी व धातूचे भाग 20 टक्के मिश्रण गृहीत धरून बनवले जातात. पडवीतल्या जुन्या गाडीबाबत तसे म्हणता येत नाही.

म्हणून घराला कुलूप लावण्याच्या आदल्या दिवशी गाडी उघड्यावर काढावी, सुरू करून कॉक बंद करावा आणि वाटीतील पेट्रोल संपून ती आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवावी. इतक्यावर थांबू नये, कारण जेटच्या खाली तळाशी थोडे पेट्रोल उरतेच आणि नेमके तेच पुढे घात करते. वाटीच्या खालच्या बाजूला एक ड्रेन स्क्रू असतो, काही जुन्या कार्बोरेटरांना त्याजागी बोल्ट असतो. तो सैल करून उरलेले पेट्रोल लहान डब्यात काढून घ्यावे. स्क्रू उघडा असतानाच क्षणभर थांबून पाहावे. कॉक बंद असूनही थेंब पडतच राहिले, तर कॉकमधील रबरी वॉशर गेला आहे, आणि तो बदलल्याखेरीज वाटी रिकामी करण्याला काही अर्थ नाही. वॉशर स्वस्त असतो. तो वेळेवर न बदलल्यामुळे पुढे गाडीचे जे हाल होतात ते पाहून खरोखर वाईट वाटते. ज्या स्कूटरना हाताने फिरवण्याचा कॉक नसतो, त्यांच्या बाबतीत ड्रेन स्क्रू हाच उपाय आहे.

टाकीचे काय करावे, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. गाडी पाच-सहा महिने उभी राहणार असेल तर टाकी जवळजवळ काठोकाठ भरून ठेवावी, म्हणजे आत हवेला आणि त्या हवेतील बाष्पाला जागा उरत नाही. वर्षभर कोणी येणारच नसेल तर मात्र ती पूर्ण रिकामी करून कोरडी करावी. अर्धी टाकी भरून ठेवणे दोन्हींपेक्षा वाईट.

हे काम चुलीपासून आणि देवापुढील समईपासून लांब, मोकळ्या हवेतच करावे. काढलेले पेट्रोल परसात किंवा विहिरीच्या आसपास ओतू नये; ताजे असेल तर तिथेच टाकीत परत घालावे. गाडीवर आच्छादन घालताना कार्बोरेटरच्या बारीक नळ्यांची तोंडे विरळ कापडाने झाकावीत, कारण कुंभारमाशी त्यांत मातीचे घर करते आणि वाटीत येणारी हवाच बंद होते.

शेजाऱ्याला किल्ली देऊन “आठवड्यातून पाच मिनिटे चालू करा” असे सांगण्याची पद्धत सर्रास आहे. यामागील आपुलकी मी जाणतो, पण याने फारसा फायदा होत नाही. जागेवर पाच मिनिटे चालवलेली गाडी पुरेशी तापत नाही, सायलेन्सरमध्ये पाणी साचते आणि वाटी पुन्हा पेट्रोलने भरून राहते. शेजारी तयार असेल तर त्याला महिन्यातून एकदा पाच-सात किलोमीटर फेरी मारून यायला सांगावे आणि आल्यावर कॉक बंद करून वाटी रिकामी करायला दाखवून ठेवावे.

एवढे करूनही गाडी बसलीच, तर परत आल्यावर लगेच किक मारत राहू नये. आधी ड्रेन स्क्रू उघडून वाटीत काय आहे ते पाहावे, टाकीतील पेट्रोलचा वास घ्यावा आणि ते खराब वाटले तर बदलावे. ताजे पेट्रोल वाटीत पंधरा-वीस मिनिटे राहू दिल्यावर काही गाड्या आपोआप सुरू होतात. न झाल्यास कार्बोरेटर खोलावा लागतो, आणि इथे माझ्या व्यवसायबंधूंना कळकळीने सांगायचे आहे: जेटमध्ये तार घालू नका. पितळ मऊ असते; तारेने छिद्र किंचित जरी मोठे झाले तरी गाडी कायमची पेट्रोल जास्त पिऊ लागते आणि ग्राहकाला त्याचे कारण कळतही नाही. जेट काढावा, कार्बोरेटर क्लीनरमध्ये भिजू द्यावा, हवा मारावी आणि उजेडासमोर धरून पाहावा. छिद्र पूर्ण गोल आणि कडा स्वच्छ दिसेपर्यंत हेच पुन्हा करावे. घाईची गरज नाही. हवा-पेट्रोलचे प्रमाण ठरवणारा मिक्स्चर स्क्रू काढण्यापूर्वी तो हलक्या हाताने आत फिरवून किती फेरे बसतो ते मोजून लिहून ठेवावे, म्हणजे तो पूर्वीच्या जागी आणता येतो. फ्लोट, ओ-रिंग आणि मोठ्या इंजिनांच्या अनेक गाड्यांत असणारा रबरी डायफ्रॅम (पातळ पडदा) क्लीनर मारण्याआधी बाजूला काढावेत, नाहीतर रबर फुगते आणि कार्बोरेटर खरोखरच बाद होतो. कॉकच्या तोंडाची जाळी साफ न करता नुसता कार्बोरेटर बसवला तर टाकीतील गंज आठवड्याभरात पुन्हा खाली येतो. आणि हे काही न करता थेट डुप्लिकेट कार्बोरेटर बसवून बिल फाडणे हे कारागिराला शोभणारे नाही.

तेल कंपन्यांनी प्रत्येक नोझलजवळ इथेनॉलचे प्रमाण मराठीत ठळक लिहावे; आमच्या भागात ते सगळीकडे दिसत नाही. उत्पादकांनी व त्यांच्या विक्रेत्यांनी जुन्या गाडीच्या सर्व्हिसिंगच्या वेळी ड्रेन स्क्रू कुठे आहे ते मालकाला प्रत्यक्ष दाखवावे. आणि आयटीआयमध्ये दुचाकी दुरुस्ती शिकणाऱ्या मुलांकडून इंजेक्शनसोबत कार्बोरेटरचीही हाताने उघडझाप करून घेत राहावी, कारण ग्रामीण भागात त्यांच्यापुढे येणाऱ्या गाड्यांत हाच जास्त असणार आहे.

आपला विश्वासू,
एक दुचाकी कारागीर, रत्नागिरी जिल्हा