आत्याच्या बटणाच्या फोनवर चालेल असं काहीतरी करा

मा. संपादक साहेब, नमस्कार.

पाऊस लागला की आमच्या कोल्हापुरात प्रत्येकाच्या तोंडी एकच, नदीचं पाणी किती फुटावर? पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर 39 ला इशारा, 43 ला धोका हे पोराटोरांना पण पाठ आहे, 2019 ला तर 55 च्या वर गेलेलं. माझी आत्या आंबेवाडीला असते. घरात स्मार्टफोन एकच आणि तो पोराबरोबर एमआयडीसीत जातो, आत्याकडं बटणाचा.

गेल्या पावसाळ्यात गावासाठी म्हणून एक अ‍ॅप आलं, पाणी कुठवर आलं, जनावरं कुठं हलवायची, कुणाला मदत पाहिजे, सगळं एकमेकांना कळवता येणार. कल्पना चांगलीच. मी माझ्या फोनवर आत्याचं नाव घालायला बसलो तर ओटीपी गेला पोराच्या नंबरवर, कारण रेशनकार्डाला तोच नंबर, आणि पोरगं शिफ्टला, फोन गेटवर जमा. तीनदा केलं. शेवटी आत्या म्हणाली, "ऱ्हाऊ दे बाबा, डेअरीत दूध घालायला गेल्यावर इचारतो."

एक माणूस एक फोन हे धरूनच ही अ‍ॅप बनवतात आणि तिथंच सगळं चुकतं. बरं मेसेज पाठवू म्हणावं तर मराठीत एका एसएमएसमध्ये 70 च अक्षरं बसतात (काना, मात्रा, वेलांटी पण वेगळी मोजतात), आणि आत्याला वाचायचं तर चष्मा शोधण्यापासून सुरुवात. बोललेलं मात्र तिला लगेच कळतं. छत्तीसगडमध्ये 2010 पासून सीजीनेट स्वर म्हणून चालू झालं, मिस्ड कॉल द्यायचा, उलटा फोन येतो, आपलं म्हणणं गोंडीत नाहीतर हिंदीत रेकॉर्ड करायचं, बाकीच्यांचं ऐकायचं. नेट नको, लॉगिन नको, पैसे पण जात नाहीत. मग हेच आपल्या चिखली, आंबेवाडी, शिरोळकडच्या गावांना आपल्या बोलीत का नको?

आपल्याकडं इंजिनिअरिंग कॉलेजं काय कमी नाहीत, दरवर्षी पोरं प्रोजेक्ट करतातच. त्यांना माझी मनापासून विनंती आहे, कोडिंगला बसायच्या आधी चार दिवस सकाळी गावातल्या दूध संस्थेत जाऊन थांबा, कुणाच्या हातात कुठला फोन आहे, रिचार्ज कधी संपतो, घरातला फोन कुणाकडं असतो ते बघा, आणि मग ठरवा काय बनवायचं.

आत्याचा फोन एकदा चार्ज केला की चार दिवस जातो. 2019 ला लाईट गेल्यावर गल्लीत तेवढा एकच चालू होता.

आपला एक वाचक, कोल्हापूर