साक्षीची दुपारची बाजूही छापा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

वृत्तपत्रविद्येच्या अभ्यासाचा भाग म्हणून मी गेल्या महिन्यात कसबा बावडा येथील न्यायसंकुलात जीवघेण्या हल्ल्याच्या एका खटल्याचे कामकाज सलग तीन दिवस मागच्या बाकावर बसून पाहिले. त्यातील एकाच दिवसाबद्दल लिहीत आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी जप्तीचा पंच, म्हणजे पोलिसांनी हत्यार जप्त करताना हजर असलेला त्रयस्थ साक्षीदार, साक्षीला उभा राहिला. आरोपीने पोलिसांसमोर निवेदन केले, उसाच्या फडातून कोयता काढून दिला, तो कागदात गुंडाळून लाखेची मोहोर लावली आणि लेबलावर आपण सही केली, असे त्याने सरतपासणीत, म्हणजे सरकारी वकिलांच्या प्रश्नांना उत्तरे देताना, क्रमाने सांगितले. मुद्देमालाचे पुडके उघडले गेले, पंचाने कोयता ओळखला आणि जेवणाची सुट्टी झाली. माझ्या शेजारचे बातमीदार वही मिटून गेले, ते परतलेच नाहीत.

दुपारी उलटतपासणीत, म्हणजे आरोपीच्या वकिलांनी प्रश्न विचारल्यावर, तोच पंच म्हणाला, "सही माझीच हाय साहेब, पण ती ठाण्यात केली. फडाकडं मी गेलोच न्हाई." न्यायाधीशांनी त्याचे प्रमाण मराठीत वाक्य करून टंकलेखकाला सांगितले, तेव्हा बोलीचा हेल गेला तरी त्या वाक्याचे वजन तसूभरही कमी झाले नाही. सरकारी वकिलांनी लगेच त्याला फितूर, म्हणजे बोलावणाऱ्या पक्षावरच उलटलेला साक्षीदार, ठरवून उलट प्रश्न विचारण्याची परवानगी मागितली. आता तो सकाळी खरे बोलला की दुपारी, हे मी सांगू शकत नाही. साक्षीदार फितूर झाला म्हणून त्याची सगळी साक्ष बाद होत नाही, आणि तिच्यातले काय ग्राह्य धरायचे ते न्यायालयच ठरवील. मात्र दुसऱ्या दिवशी एका दैनिकात 'पंचाने कोयता ओळखला' एवढीच बातमी होती. दुपारचा त्यात मागमूसही नव्हता.

एका बातमीदाराला एकाच दिवशी तीन-चार न्यायालये सांभाळावी लागतात, हे मला तेथेच कळले, त्यामुळे दोष कोणा एकाला देता येत नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचच्या लढ्याच्या आणि १७ ऑगस्ट २०२५ च्या उद्घाटनाच्या बातम्यांना कोल्हापूरच्या वृत्तपत्रांनी मनापासून जागा दिली. रोजच्या सत्र खटल्याच्या वाट्याला मात्र चार ओळी येतात, आणि त्याही दुपारच्या सुट्टीपर्यंतच्याच.

नरेश श्रीधर मिरजकर या बातमीदाराने, न्यायालयाने एका साक्षीदाराची साक्ष छापण्यास मनाई केली म्हणून, सर्वोच्च न्यायालय गाठले होते. १९६६ साली निकाल त्यांच्या विरोधात गेला, पण न्यायदान सर्वसाधारणपणे खुल्या न्यायालयातच व्हावे हे त्या निकालानेही मान्य केले. आपल्याकडे तर कोणीही मनाई केलेली नसताना अर्धी साक्ष न छापता राहते.

यास्तव विनंती अशी, की सरतपासणीची बातमी देताना 'उलटतपासणी बाकी आहे' एवढी ओळ तरी शेवटी असावी, आणि उलटतपासणी झाली की तिची बातमी त्याच पानावर, तितक्याच ठळकपणे यावी. या खटल्यात पुढच्या तारखेला तपास अधिकाऱ्याची साक्ष आहे. मी दिवसभर बसणार आहे. आपल्या प्रतिनिधीनेही त्या दिवशी जेवणानंतर परत यावे.

आपली विश्वासू,
वृत्तपत्रविद्येची एक विद्यार्थिनी, कोल्हापूर