कानबाईला परत येतो

भुसावळ,
५ मे

प्रिय बापू,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) दुसऱ्या दिवशी मिळालं. सहा ओळींचं पत्र, त्यातल्या चार ओळी शिव्यांच्या, आणि शेवटी एकच प्रश्न: ‘आते म्हतारपनमा कथा चालना रे भो?’ म्हातारपणी भुसावळ सोडून हिमाचलात कुठे आणि का निघालोय, ते फोनवर सांगितलं असतं तर तू पहिल्या वाक्यालाच तोडलं असतंस, म्हणून लिहितोय. सावकाश वाच, चष्मा लावून.

आधी इथलं सांगतो. दुपारचे चार वाजलेत, पारा पंचेचाळीसच्या पुढे आहे, कूलर नुसती गरम हवा फेकतोय. गच्चीवरच्या टाकीचं पाणी हाताला चटका देतं. ही म्हणते, चहाला आधण ठेवायची गरज नाही. आपण याच उन्हात बोरीच्या पात्रात अनवाणी फिरलो, हे मला मान्य आहे. पण तेव्हा आपण बारा वर्षांचे होतो. मागच्या मे महिन्यात ही ओट्यापाशी चक्कर येऊन पडली. दोन सलाइन लागल्या. डॉक्टर म्हणाले, पुढचा उन्हाळा जमलं तर इथे काढू नका. ‘जमलं तर’ म्हणाले आणि दुसऱ्या पेशंटकडे वळले. मी मात्र त्या दोन शब्दांवर वर्षभर अडकलो.

दुसरं कारण आवाज. सहा नंबरचा हायवे आता चौपदरी झाला. त्याला त्रेपन्न म्हणायचं असतं, पण म्हणतं कोण? रात्रभर ट्रेलर धावतात. लग्नसराईत डीजे लागला की कपाटातली भांडी थरथरतात. छत्तीस वर्षं मी गार्डच्या डब्यात काढली, शेवटची दोन वर्षं ‘ट्रेन मॅनेजर’ म्हणवून घेतलं. मला आवाजाचं वावडं नाही. शंटिंगच्या खडखडाटात मी लहान मुलासारखा झोपतो. पण त्या आवाजाला वेळापत्रक असतं रे. याला काही धरबंदच नाही.

तू विचारशील, पुण्याला पोराकडे का नाही? चार महिने राहून आलो ना. पोरगा चांगला, सूनबाई त्याहून चांगली. अकराव्या मजल्यावर घर. समोरच्या दारावर पाटी आहे, पण पाटीमागचा माणूस चार महिन्यांत मी एकदाच पाहिला, तोही लिफ्टमध्ये, मोबाइलकडे बघणारा. हिने संक्रांतीला तीळगूळ नेऊन दिला तर बाई म्हणाल्या, ‘थँक यू, पण कुठल्या फ्लॅटमधून?’ ही परत आली आणि बॅग भरायला बसली.

मग नकाशा पसरला. पहिलं नाव माझ्या डोक्यात तंजावर. व्यंकोजीराजांचं गाव, सरस्वती महालात मोडीची कागदपत्रं, वाटलं मराठी माणसाला परकं वाटणार नाही. हिने एकच विचारलं, ‘उन्हाळा कसा?’ तंजावर तिथेच संपलं. मग अल्मोडा. थंड, शांत, देखणं. पण भुसावळहून थेट गाडी नाही, काठगोदामला उतरून पुढे ऐंशी-नव्वद किलोमीटर घाट, आणि हिला पालच्या घाटातसुद्धा मळमळतं. रेल्वेवाल्याला पास असतो, पण पास काही गाडी आणून देत नाही. तोरणमाळही झालं बोलून. जवळ आहे, आपलंच आहे. पण रात्री दोनला छातीत कळ आली तर कुठे धावायचं, याचं उत्तर मिळेना.

झेलमने मात्र मार्ग दाखवला. आपली पुणे-जम्मू झेलम, मध्यरात्र उलटल्यावर भुसावळला येते, मधला एक अख्खा दिवस घेते आणि त्यापुढच्या सकाळी पठाणकोट कँटला सोडते. त्या गाडीवर जोडीला असलेला एक जुना सहकारी म्हणायचा, पठाणकोटला उतरून हिमाचलातल्या कांग्ड्यात एकदा जाऊन ये, छोटी लाइन बघ. छोटी लाइन म्हटल्यावर माझे कान टवकारले. पठाणकोट ते जोगिंदरनगर, १६४ किलोमीटर, १९२९ साली सुरू झालेली, रुंदी अडीच फूट. बापू, अडीच फूट! आपल्या पाचोरा-जामनेर पीजेची तीच रुंदी. मामाच्या गावच्या लग्नाला आपण पीजेने गेलो होतो, तू पहूरला उतरून चालत्या गाडीत परत चढला होतास, आठवतं? ती २०२० च्या लॉकडाउनमध्ये थांबली ती थांबलीच. आणि तिकडे तिची बहीण धौलाधार डोंगररांगेच्या पायथ्याशी. डोंगर फोडायचे नाहीत, वळसा घालून जायचं, असा तिच्या इंजिनिअरचा खाक्या. म्हणून एवढ्या लांबीत बोगदे फक्त दोन. सिमल्याच्या लाइनला शंभरावर आहेत.

तेव्हा त्या लाइनवरचं पालमपूर ठरलं. पण मी मे महिन्यात जागा बघायला गेलो नाही. मे महिन्यात कुठलाही डोंगर गोडच दिसतो. पहिल्यांदा ऑगस्टमध्ये गेलो, पंधरा दिवस, आणि दुसऱ्यांदा जानेवारीत, महिनाभर. मुलगी बघायला जाताना न कळवता जावं म्हणतात, तसं.

ऑगस्टने जीव काढला. आपल्याकडे अख्ख्या पावसाळ्यात पडतो तेवढा पाऊस तिथे काही आठवड्यांत पडतो. छोटी लाइन बंद. २०२२ च्या ऑगस्टमध्ये चक्की नदीवरचा रेल्वेपूल पुरात गेला, आणि त्यानंतर पावसाळ्यात लाइन कुठे ना कुठे खचतेच. त्यामुळे पठाणकोटहून बसने गेलो, तीही दरड उपसेपर्यंत रस्त्यात दोन तास उभी. चादरी वाळत नव्हत्या. हिच्या लोणच्याला बुरशी आली, म्हणजे बघ. मी मनात म्हटलं, चला, खेळ खल्लास.

पण त्याच पंधरवड्यात एक गोष्ट पाहिली. घराशेजारून पाण्याचा पाट वाहायचा, हातभर रुंद. त्याला तिकडे कूल्ह म्हणतात. वरच्या खड्डातून, म्हणजे ओढ्यातून (हो, तिकडे नदीला खड्ड म्हणतात, आणि रस्त्यातल्या खड्ड्यांना काय म्हणतात ते विचारायचं राहिलं) गावाने पाणी वळवून भातशेतीला आणलेलं. सकाळी एक म्हातारा खांद्यावर फावडं घेऊन यायचा, दोन दगड सरकवायचा, एका वाफ्याचं पाणी दुसरीकडे लावायचा. विचारलं तर म्हणाला, मी कोहली. पाण्याच्या पाळ्या तोच लावतो, भांडणं तोच मिटवतो. मी तिथेच दगडावर बसलो. आपल्या पांझरा नदीवरच्या फडाचा, म्हणजे सामाईक पाटाच्या शेतीचा, पाटकरी दुसरं काय करायचा? साक्रीकडच्या आजोळी तो पाटकरी पाळी सोडायला आला की आम्ही पोरं पाटात कागदाच्या होड्या सोडायचो आणि तो फावडं उगारायचा. दीड हजार किलोमीटरच्या वर लांब येऊन तोच माणूस भेटला, फक्त डोक्यावर टोपी हिमाचली.

जमिनीचं विचारतोस म्हणून सांगतो, आणि हसायचं नाही. मी बोरीकाठच्या तीन एकरांचा सातबारा बरोबर नेला होता. आपल्याकडे शेतकरी असल्याशिवाय शेतजमीन मिळत नाही, तसंच तिकडेही, एवढं ऐकलं होतं. म्हटलं आपण तर पिढीजात शेतकरी. तहसीलबाहेर बसलेल्या अर्जीनवीसाने तो कागद हातात घेतला. लिपी एकच, त्यामुळे गडी सगळा वाचत गेला. एका शब्दावर थांबला, चष्मा वर केला आणि मोठ्या काळजीने विचारलं, ‘पोटखराबा... किसका पेट खराब है जी?’ ही तोंडाला पदर लावून बाहेर गेली. मग त्याने समजावलं. हिमाचलचा १९७२ चा कूळ कायदा, कलम ११८. शेतकरी म्हणजे हिमाचलात जमीन कसणारा शेतकरी. तुमचा महाराष्ट्राचा सातबारा इथे चालत नाही. बाकीच्यांना सरकारची परवानगी लागते. ऐकून वाईट वाटायला हवं होतं, पण खरं सांगू? बरं वाटलं. हा कायदा नसता तर आतापर्यंत दिल्लीच्या आणि आपल्या पुण्याच्या लोकांनी तिथे अकरा मजले चढवले असते. मीही त्यांच्यातलाच एक झालो असतो, ते वेगळं.

म्हणून भाड्याने. एका निवृत्त सुभेदारांचं घर, एकमजली, छताला स्लेटच्या पाट्या, मागे चहाचा मळा. महिना नऊ हजार. उतारावर खांब ठोकून उभारलेल्या चारमजली इमारतीत स्वस्तात मिळत होतं, बाल्कनीतून बर्फ दिसत होता, पण मी पाऊल ठेवलं नाही. कांग्ड्यात ४ एप्रिल १९०५ ला भूकंप झाला, वीसेक हजार माणसं गेली. आज तो भाग भूकंपाच्या सर्वांत धोक्याच्या पट्ट्यात धरतात. बर्फ बघायला मी अंगणात उभा राहीन.

जानेवारीचं मुख्य. पहिल्या रात्री मला झोपच नाही. आवाज नाही म्हणून! तीनला उठून बसलो, कानात नुसतं सुंऽ. शांतता पाहिजे, शांतता पाहिजे म्हणून वर्षभर ओरडलो आणि मिळाली तेव्हा खिडकी उघडून ऐकत बसलो, कुठे काही वाजतंय का. चौथ्या दिवशी दुपारी मारंड्याच्या, म्हणजे स्टेशनच्या बाजूने शिटी आली. नूरपूर रोडकडून येणारी गाडी. ही म्हणते, माझ्या तोंडावर असं हसू तिने लग्नातही पाहिलं नव्हतं.

आणि दुसऱ्या आठवड्यात मला ताप भरला. चांगला फणफणून. ही रात्रभर बसली, पहाटे तिचाही डोळा लागला. साडेसातला दार वाजलं. सुभेदारांची सून, हातात काढ्याचा पेला. म्हणाली, ‘सात बजे तक रसोई की बत्ती नहीं जली, तो देखने आई.’ बस, एवढंच. मागून सुभेदार जीप काढूनच उभे. गरज लागली नाही, पण तासाभराच्या आसपास टांड्याला सरकारी मेडिकल कॉलेज आहे, तिथवर नेलं असतं त्यांनी. रेल्वेच्या कार्डाचा दवाखाना हवा तर मात्र खाली पठाणकोटकडे उतरावं लागतं, ही अडचण आहे, लपवत नाही. पेन्शन काय, कुठेही जमा होते. नोव्हेंबरचा हयातीचा दाखलाही आता मोबाइलवर तोंड दाखवून देता येतो.

त्या दिवशी गोधडीत पडल्या पडल्या मी ठरवलं. नकाशा, पाऊस, भाडं, सगळं खरं, पण आपली बत्ती पेटली नाही हे कोणाच्या लक्षात येतं, ते मला पाहिजे होतं. ते इथे भुसावळला एकेकाळी होतं. शेजारचे एकेक करून पोरांकडे गेले. आळीत आता सात घरांना कुलूप आहे. आठवं माझं, एवढंच.

हिने मात्र अट घातली. घर विकायचं नाही, आणि श्रावणात कानबाईला, आपल्या खानदेशच्या देवीच्या सणाला, घरी यायचंच. नैवेद्याच्या रोटाचे गहू ती दुसऱ्या कोणाला मोजू देणार नाही. मी म्हटलं, बाई, दोन दिवसांच्या सणासाठी एवढा प्रवास? मग लक्षात आलं, श्रावण म्हणजे तिथला तोच चादरी न वाळणारा महिना. मी हवामानाचे तक्ते बघून जे ठरवायला बसलो होतो, ते हिने पंचांग बघून ठरवलं होतं. तेव्हा असं: या महिनाअखेरीस निघायचं, जुलै सुरू होताना उतरायचं, कानबाई, पोळा, गणपती इथे, आणि नवरात्रानंतर परत वर, पुढच्या आखाजीच्या पुढेपर्यंत. कायमचं जाणं याला म्हणायचं का, तूच सांग.

खाण्याचं सांगायचं राहिलं. तिकडच्या धामात, म्हणजे गावजेवणात, पंगत मांडी घालून बसते, पत्रावळीवर भात आणि त्यावर मद्रा, म्हणजे दह्यात शिजवलेले चणे. छान असतं, पण तिखट म्हणून काही नाही. हिने काळ्या मसाल्याची शेवभाजी करून सुभेदारांना दिली. माणूस सीमेवर लढलेला, पण दोन घासांत डोळ्यांतून पाणी. तरी वाटी पुसून खाल्ली. फजिती झाली ती भरताची. तिकडे जांभळं, सडपातळ वांगं, आणि भाजायला चिडाचं (पाइनचं) लाकूड. त्या लाकडात राळ असते. पूर्ण भरताला रंगाच्या डब्याचा वास. हिने पातेलं तसंच उचलून गाईपुढे ठेवलं, गाईनेही मान फिरवली.

आता तुझी कामं. किल्ली आल्यावर देतो. पंधरा दिवसांतून एकदा धुळ्याहून चक्कर मार, कडुनिंबाला दोन बादल्या घाल, मागच्या नळाचा कॉक गळतो तो बंद आहे का बघ. वरचा मजला एका टीसीला भाड्याने दिलाय, पोरगा सालस आहे, पण त्याला फोन करून विचारत बसू नकोस, स्वतः जा.

आणि वहिनींना घेऊन दिवाळीनंतर ये. झेलमची तिकिटं मी काढतो. येताना बामणोदची चार पांढरट हिरवी वांगी आण, चांगली मोठी. आणि ती भाजायला कपाशीच्या पऱ्हाट्यांची एक पेंढी. डब्यात कोणी विचारलं तर सांग, भुसावळच्या जुन्या गार्डचं सामान आहे.

तुझा,
अण्णा