बाळाच्या सीबीसीला मोठ्यांची रेंज नको: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,

दोन महिन्यांचे बाळ. वजन वाढत नाही, तोंडातला पांढरा थर औषधानेही हटत नाही, न्यूमोनिया दुसऱ्यांदा झालेला. सीबीसीत, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीत, पांढऱ्या पेशी ६,०००, पैकी लिम्फोसाइट (संसर्गाशी लढणाऱ्या पेशी) २० टक्के, म्हणजे १,२००. शेजारी छापलेली रेंज १,००० ते ४,०००. आकडा त्यात बसतो, म्हणून रिपोर्टवर खूण उमटत नाही आणि कागद फाइलला लागतो.

ती रेंज मोठ्या माणसाची आहे. या वयात लिम्फोसाइट ३,०००च्या खाली असतील तर 'स्किड'ची, म्हणजे जन्मतःच प्रतिकारशक्ती जवळपास नसण्याची, शंका घ्यायलाच हवी.

आमची मुख्य मागणी एवढीच आहे: नाशिकचे जिल्हा रुग्णालय, कळवण, सुरगाणा, पेठ येथील प्रयोगशाळांच्या यंत्रांत वयानुसार रेंज भरून घ्या. त्यासाठी नवे यंत्र लागत नाही. सिंहस्थाच्या निमित्ताने यंत्रखरेदी होणार असेल, तर निविदेतच ही अट घालता येईल.

एका आकड्यावर निदान होत नाही, हेही खरे. तीव्र संसर्गात या पेशी तात्पुरत्या घटतात. उलट आईच्या पेशी बाळात आल्या असतील तर स्किड असूनही आकडा चांगला दिसतो. म्हणून काही दिवसांनी पुन्हा मोजावे. पुन्हा कमी आला, किंवा लक्षणेच बोलकी असली, तर फ्लो सायटोमेट्रीसाठी, म्हणजे लिम्फोसाइटचे प्रकार वेगवेगळे मोजणाऱ्या तपासणीसाठी, रक्ताचा नमुना मुंबईला पाठवावा. तो जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये, साध्या तापमानाला, त्याच दिवशी निघायला हवा. सवयीने बर्फावर ठेवला की पेशी खराब होतात.

घाई बीसीजीमुळे आहे. ही लस जिवंत जंतूंची असते आणि जन्मताच दिली जाते. स्किडच्या बाळात ते जंतू काखेतल्या गाठीपासून यकृत, हाडांपर्यंत पसरू शकतात. इतर बाळांची बीसीजी मुळीच थांबवू नये. क्षयाविरुद्ध ती हवीच. फक्त प्रसूतिगृहातल्या नोंदीत एक प्रश्न वाढवा: आधीचे मूल, किंवा आईचा भाऊ, तान्हेपणीच संसर्गाने गेला होता का? उत्तर 'हो' आले तर तपासणी होईपर्यंत बीसीजी, रोटाव्हायरस आणि पोलिओचे थेंब थांबवावेत. रक्त चढवायची वेळ आलीच तर ते किरणांची प्रक्रिया केलेले (इरॅडिएटेड) असावे, नाहीतर दात्याच्या लिम्फोसाइट बाळाच्याच शरीरावर हल्ला करू शकतात.

साडेतीन महिन्यांच्या आत अस्थिमज्जा प्रत्यारोपण झालेल्या बाळांपैकी दहात नऊहून अधिक वाचल्याचे परदेशातले अनुभव आहेत. २०२१च्या दुर्मिळ आजार धोरणात ५० लाख रुपयांपर्यंत मदतीची तरतूद आहे आणि मुंबईचे केईएम त्यातले एक केंद्र आहे. दिवस वाया जातात ते त्याआधी, इथे, पहिल्या रिपोर्टवर.

यंत्रांत वयानुसार रेंज भरली जाईपर्यंत किमान एक लेखी आदेश काढा: सहा महिन्यांखालील बाळाच्या लिम्फोसाइट ३,०००च्या खाली आल्या, तर रिपोर्ट छापण्याआधी प्रयोगशाळेने वॉर्डात फोन करावा.

आपले,
नाशिकमधील काही बालरोगतज्ज्ञ व प्रयोगशाळा तंत्रज्ञ